गोष्टीतल्या मुलीला काम काय दिले आहे?

“मुलीला कोणती पुस्तके द्यावीत?” हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आयांकडून मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्यामागची काळजी मला प्रश्न पुरा होण्याआधीच कळते. येळ्ळूर किंवा कडोलीच्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलसमोर उभ्या असलेल्या आईला यादी हवी असते. मी यादी देत नाही. का देत नाही, ते पुढील अनुभवावरून कळेल; ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील बदलले आहेत.

वडगावातील यंत्रमागांच्या गल्लीतून एक आई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. शाळेच्या नाटकातील वाटाड्याची भूमिका मुलीने नाकारली होती, कारण तिच्या मते वाट मुलगेच शोधतात. चिडून आईने घरातील सगळ्या परीकथा माळ्यावर टाकल्या, तेव्हा मुलगी चोरून माळ्यावर चढू लागली. (त्या चढण्याचे मला मनातून कौतुकच वाटले.)

पुस्तके पुन्हा खाली काढा, असे मी प्रथम सांगितले. हिसकावलेल्या पुस्तकाची गोडी वाढते आणि त्यातले काय खटकते हे मुलीशी बोलण्याची संधी मात्र हातची जाते. तिसऱ्या भेटीत मुलीने आपले सर्वांत लाडके पुस्तक आणले. गोष्टीतल्या मुलाने काय काय केले आणि मुलीने काय काय केले, एवढेच मी तिला दोन रांगांत लिहायला लावले. मुलाच्या रांगेत चढला, शोधले, विचारले, चुकला, परत गेला, असे पान भरत गेले. मुलीच्या रांगेत तीनच शब्द होते: रडली, थांबली, हसली. पेन्सिलीचे टोक चावत ती बराच वेळ पानाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “हिला काही कामच दिलं नाही की!”

आई सुखावली, पण मुलीने लगेच कागद उलटला. “आई, तू आज काय काय केलीस?”

“मी काय करतो, घरातच असतो की.” (आमच्या भागात बायकाही ‘करतो, जातो’ असेच बोलतात.)

मुलीने मान वर न करता लिहिले: मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. मजुरीचा हिशेब केला. मालकाशी भांडली. कन्नडमधले लाइटबिल आजीला समजावले. आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत ते वाचत होती. मी काहीच बोलले नाही, आणि त्या न बोलण्याचे श्रेय मी आजही स्वतःला देते.

मुले पाहून शिकतात, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराचे म्हणणे मी पहिल्यापासून मानत आले आहे. त्या दिवशी मात्र उमगले की ही मुलगी कांड्या भरणारी आई पाहत होती आणि ‘मी काय करतो’ म्हणणारी आई ऐकत होती. पुस्तकांनी दुजोरा दिला होता तो या दुसऱ्या आईला.

म्हणून पुस्तक घेताना मधले पान उघडावे आणि संकट आल्यावर मुलगी काय करते, चित्रात हत्यार किंवा नकाशा कुणाच्या हातात आहे, तिचे कौतुक केवळ रंगरूपाचे होते की तिच्या विचाराचेही, हे पाहावे. तिला चुकण्याची आणि रागावण्याची मुभा आहे का, हेही पाहावे. तलवार हाती दिली की मुलीचा मान राखला, असेही नव्हे; भित्री, हळवी मुलगीही गोष्टीत आपल्या मनाने निर्णय घेऊ शकते. आपल्या कित्तूरची राणी चन्नम्मा चित्रांत नेहमी घोड्यावर दिसते, परंतु दत्तकाचा वारसा नाकारणाऱ्या कंपनी सरकारशी १८२४ मध्ये लढण्यापूर्वी तिने मुंबईच्या गव्हर्नरला पत्र लिहून आपली बाजू मांडली होती.

हे मी त्या मुलीला सहज सांगितले होते. शेवटच्या भेटीत तिने चन्नम्माच्या नावाखाली केलेली रांग आणली, तेव्हा तिच्यात ‘पत्र लिहिले’ हे ‘लढली’च्या वर होते.