आर्मीतून मिळालेला ‘जनरल’ डिस्चार्ज ‘ऑनरेबल’ करून घेता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटा भाऊ ग्रीन कार्डावर अमेरिकन आर्मीत भरती झाला. तीन वर्षं झाल्यावर ‘कंडिशन, नॉट अ डिसॅबिलिटी’ (आजार आहे, पण अपंगत्व नाही) असं कारण लिहून त्याला ‘जनरल’ डिस्चार्ज दिला, म्हणजे सेवामुक्तीच्या कागदावर पूर्ण ‘ऑनरेबल’हून खालचा शेरा मारला. शेवटच्या सहा-आठ महिन्यांत झोप उडाली होती, मानसोपचार चालू होते, त्यातच दोनदा आर्टिकल १५ (कोर्ट मार्शलशिवाय वरिष्ठाने दिलेली शिस्तीची शिक्षा) लागलं. आता कॉलेजसाठी जीआय बिल (माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारा सरकारी लाभ) नाकारलंय. शेरा बदलून मिळतो का, वकील लागतो का, सिटिझनशिपचं काय होणार, आणि साताऱ्याला वडील, स्वतः माजी सैनिक, ‘हाकलून दिलं’ म्हणून अबोला धरून बसलेत, त्यांना काय सांगायचं?

ताई, बदलून मिळतो. सहज मिळत नाही, पण त्याची ठरलेली वाट आहे. मी अमेरिकन नेव्हीत पर्सोनेल स्पेशालिस्ट होतो, म्हणजे खलाशांची कागदपत्रं सांभाळणारा कारकून. बाहेर पडणाऱ्यांचे डीडी-२१४, म्हणजे सेवामुक्तीचे दाखले, टाइप करणं हे माझं रोजचं काम होतं. आता निवृत्तीनंतर असे अर्ज तयार करायला लोकांना मदत करतो. मी वकील नाही, एवढं धरून वाचा.

आधी भावाला त्याच्या डीडी-२१४ ची ‘मेंबर-४’ प्रत काढायला सांगा. ‘मेंबर-१’ चालणार नाही, कारण त्या छोट्या प्रतीत खालचे महत्त्वाचे रकानेच नसतात. रकाना २४ मध्ये सेवेचा शेरा असतो, २६ मध्ये सेपरेशन कोड, २७ मध्ये पुन्हा भरतीचा कोड आणि २८ मध्ये बाहेर काढण्याचं कारण. सगळे ‘अपग्रेड, अपग्रेड’ म्हणतात आणि फक्त २४ कडे बघतात. पण उद्या नोकरी देणारा माणूस हा कागद मागतो तेव्हा त्याची नजर २८ वर जाते. तिथे मानसिक आजाराचा वास येणारं काही लिहिलेलं असलं, तर वर ‘ऑनरेबल’ असूनही माणूस अवघडतो. म्हणून अर्जात दोन्ही मागा: शेरा ‘ऑनरेबल’ करा, आणि कारण बदलून ‘सेक्रेटेरियल अथॉरिटी’ (आजाराचा उल्लेख नसलेलं तटस्थ कारण) करा, त्याला जुळणाऱ्या कोडसह. न मागितलेलं, अर्ज तपासणारं बोर्ड आपणहून देईलच असं नाही.

‘जनरल’ म्हणजे पूर्ण नाव ‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’. हा शेरा असताना व्हीएचे (माजी सैनिकांसाठीच्या अमेरिकन सरकारी खात्याचे) उपचार, अपंगत्वाची भरपाई, घरकर्जाची हमी ही दारं बंद होत नाहीत. बंद होतं ते मुख्यतः जीआय बिल, कारण त्याला ‘ऑनरेबल’च लागतो. तुमच्या भावाचे ३६ महिने ॲक्टिव्ह ड्यूटीत भरले असतील, तर शेरा बदलल्यावर त्याला पूर्ण १०० टक्के लाभ बसतो. म्हणजे हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही, कॉलेजच्या फीचा आहे.

अर्ज करायच्या जागा दोन. पहिली डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड, फॉर्म डीडी-२९३, मुदत डिस्चार्जपासून १५ वर्षं. दुसरी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स, फॉर्म डीडी-१४९, मुदत चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षं. पण न्यायाच्या हिताचं वाटलं तर ते बोर्ड उशीर माफ करू शकतं. तुमच्या भावाने पहिल्या दारानेच जावं. तिथे आधी नुसत्या कागदांवर निकाल मागता येतो, आणि तो विरोधात गेला तर १५ वर्षांच्या आत समोर बसून सुनावणी मागता येते. म्हणजे एकाच ठिकाणी दोन डाव. समोर किमान तीन सदस्य असतात, आणि हल्ली व्हिडिओवरही सुनावणी होते. ‘अर्ज केला आणि त्यांनी उलट शेरा खाली आणला तर?’ ही भीती बऱ्याच जणांना असते. रिव्ह्यू बोर्डाला आहे त्याहून वाईट शेरा देता येत नाही. दोन्हीकडे हरला तरी त्यावर डिस्चार्ज अपील रिव्ह्यू बोर्ड आहे, पण त्याची घड्याळं कडक: निकाल कळल्यापासून ३६५ दिवस.

एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवा. भावाला खरं तर पीटीएसडी (आघातानंतर जडणारा मानसिक आजार) होता, त्याचं मेडिकल बोर्ड व्हायला हवं होतं आणि त्याला मेडिकल रिटायरमेंट मिळायला हवी होती, असं म्हणणं असेल तर ते रिव्ह्यू बोर्डाच्या हातात नाही. ती मागणी फक्त करेक्शन बोर्डाकडे होते, आणि ती लढाई वेगळीच, लांबची. फक्त शेरा बदलायचा असेल तर तिकडे उगाच जाऊ नका.

आता खरा मुद्दा. २५ ऑगस्ट २०१७ ला संरक्षण खात्याने या बोर्डांसाठी एक मेमो काढला. कर्टा मेमो म्हणून ओळखतात. त्याआधी ३ सप्टेंबर २०१४ चा हेगल मेमो होता, पण त्याचा रोख पीटीएसडीवर होता. कर्टा मेमोने सगळे मानसिक आजार, मेंदूला झालेली इजा, लैंगिक अत्याचार आणि छळ हे सगळं त्यात आणलं, आणि अशा अर्जांकडे उदारपणे बघा असं बजावलं. बोर्ड त्यानुसार चार गोष्टी विचारतं. आजार किंवा तो अनुभव होता का? तो नोकरीच्या काळात होता का? ज्या वागण्यामुळे शेरा घसरला ते वागणं त्या आजारातून आलं का? आणि तो आजार त्या शेऱ्यापेक्षा जड भरतो का?

माझ्या डोळ्यांसमोर जे अर्ज फेटाळले गेले, त्यातले बहुतेक तिसऱ्या प्रश्नावर गेले. पहिल्या दोन प्रश्नांना पुरावा भरपूर, दवाखान्याचे कागद थप्पीने. पण आजार आणि आर्टिकल १५ यांना जोडणारा धागा अर्जात कुठेच नाही. माणूस दहा पानं लिहितो: सार्जंट कसा खार खाऊन होता, युनिट कसं वाईट होतं, माझ्यावर अन्याय झाला. बोर्डाला त्यातून काही मिळत नाही.

म्हणून मी लोकांना एक कोरा कागद घेऊन मधोमध रेघ मारायला सांगतो. डावीकडे दवाखान्याच्या नोंदी तारखेनुसार: अमुक दिवशी पहिल्यांदा बिहेवियरल हेल्थला (मानसोपचार विभागात) गेला, अमुक दिवशी झोपेची गोळी सुरू झाली, मग ती वाढवली. उजवीकडे शिस्तीच्या नोंदी: अमुक दिवशी सकाळच्या फॉर्मेशनला (हजेरीच्या रांगेत) गैरहजर, अमुक दिवशी उलट बोलला, मग आर्टिकल १५. दोन्ही बाजू समोरासमोर आल्या की बऱ्याचदा स्वतः अर्जदारच गप्प होतो. गोळी वाढवल्यावर तिसऱ्या दिवशी तो फॉर्मेशनला झोपून राहिलेला असतो. त्याआधीची दोन वर्षं उजवी बाजू रिकामी असते. हा कागद साफ टाइप करून अर्जाला जोडायचा, आणि निवेदन त्याच क्रमाने लिहायचं. दीड-दोन पानं पुरतात. जे केलं ते केलं म्हणून सरळ लिहायचं. ‘मी काही केलंच नव्हतं’ आणि ‘आजारामुळे केलं’ ही दोन्ही वाक्यं एका अर्जात नांदत नाहीत.

दुसरं, व्हीएचा क्लेम आधी लावा. बोर्ड संरक्षण खात्याचं, व्हीए वेगळं खातं. एकाचा निकाल दुसऱ्याला बांधत नाही. तरीही व्हीएने हा मानसिक आजार सेवेशी जोडलेला आहे असं मान्य केलं, तर आजार नोकरीतच होता याचा तो वजनदार पुरावा धरायचा, असं कर्टा मेमोतच म्हटलंय. ‘जनरल’ शेऱ्यावर हा क्लेम करायला आडकाठी नाही. त्यात भरपाई मिळाली तर ती वेगळीच.

तिसरं काम तुमचं आहे, ताई. पुरावा फक्त लष्करी फाइलमधूनच आला पाहिजे असं नाही. घरच्यांची, मित्रांची पत्रं चालतात, माणसाच्या वागण्यात पडलेला फरक सांगणारी. तो तेव्हा रात्री-अपरात्री घरी फोन करत होता का? व्हॉट्सॲपवर ‘झोपच लागत नाही गं’ असं काही लिहिलेलं सापडतं का? ते मेसेज तारखेसकट छापा, खाली इंग्रजी भाषांतर द्या आणि भाषांतर करणाऱ्याची सही घ्या. तुमच्या पत्रात ‘तो खूप चांगला मुलगा आहे’ हे एकदाच लिहा. तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत आणि कधी, हे मात्र सविस्तर लिहा.

वकील सक्तीचा नाही आणि या अर्जाला फीही नाही. पण सुनावणीपर्यंत गेलात तर शेजारी कुणीतरी जाणकार असावा. अनेक लॉ कॉलेजांची माजी सैनिकांसाठी मोफत क्लिनिकं आहेत. येलच्या क्लिनिकने तर याच विषयावर आर्मी आणि नेव्हीविरुद्ध सामुदायिक दावे चालवून जुने नकार पुन्हा तपासायला लावले. नॅशनल व्हेटरन्स लीगल सर्व्हिसेस प्रोग्रॅम आहे, अमेरिकन लीजन आणि डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी आहेत. ‘खात्रीने अपग्रेड’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. वेळ बराच जातो. करेक्शन बोर्डाला कायद्याने १८ महिन्यांच्या आत निकाल द्यायचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. दरम्यान कम्युनिटी कॉलेजला नाव घालायला हरकत नाही. नोकरी, शिक्षण, उपचार नियमित चालू असल्याचे कागद अर्जाला बळच देतात.

सिटिझनशिपची काळजी तूर्त बाजूला ठेवा. लष्करी सेवेवर नागरिकत्व मागताना ‘ऑनरेबल’ आणि ‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’ दोन्ही चालतात. आधीच मिळालं असेल तर ते धोक्यात येतं ‘अदर दॅन ऑनरेबल’सारख्या शेऱ्याने, आणि तेही पाच वर्षांची चांगली सेवा भरण्याआधी. तुमच्या भावाचं तसं नाही.

राहिले वडील. आपल्याकडच्या फौजी माणसाच्या डोक्यात दोनच खाने असतात: पेन्शन घेऊन आला, नाहीतर काढून टाकला. मधे एक ‘बोर्ड आउट’ असतो, मेडिकल बोर्डाने घरी पाठवलेला, आणि त्याला गावात कुणी नाव ठेवत नाही. भावाचं प्रकरण त्याच्या जवळचं आहे. फरक एवढाच की इथे लष्कराने आजार मान्य केला, पण तो ‘डिसॅबिलिटी’ नाही असं ठरवलं, म्हणून मेडिकल बोर्डाची वाट मिळाली नाही. कोर्ट मार्शल झालं नाही, डिसमिस झालं नाही. डिसमिसला जवळचा ‘डिसऑनरेबल’ शेरा कोर्ट मार्शलशिवाय देताच येत नाही. त्यांना आकडा पटत असेल तर हा सांगा: अमेरिकन संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१७ मध्ये दाखवलं की २०११ ते २०१५ या काळात गैरवर्तनासाठी बाहेर काढलेल्या ९१,७६४ जणांपैकी ५७,१४१ जणांना, म्हणजे ६२ टक्क्यांना, त्याआधीच्या दोन वर्षांत पीटीएसडी, मेंदूची इजा किंवा तसल्या दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचं निदान झालेलं होतं. आकडा ऐकून ते बोलतील की नाही, सांगता येत नाही. माझ्या मते त्यांनाच एक पत्र लिहायला लावा. फौजेत आयुष्य काढलेल्या बापाने सुट्टीवर आलेल्या मुलात काय बदल पाहिला, हे वाचायला बोर्डालाही आवडेल.

निवेदन लिहिताना भावाला जुनं सगळं पुन्हा वर येईल. एका बैठकीत लिहून काढायचा हट्ट नको. कुणीतरी घरात असताना लिहू दे. रात्री फार बिघडलं तर ९८८ लावून १ दाबायचं, ती माजी सैनिकांसाठीची लाइन आहे आणि तिथे शेरा विचारत नाहीत.

आणि डीडी-२१४ चा फोटो इथे उत्तराखाली टाकू नका. त्यावर त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर असतो. रकाना २५ ते २८ मध्ये काय लिहिलंय ते शब्दशः टाइप करून पाठवा, म्हणजे अर्जात नेमकं काय मागायचं ते सांगतो.