एकच प्लेबुक, तरी नांदेडच्या सर्व्हरला जुना पोर्ट का मिळतो?

तुमची अडचण मला समजली ती अशी: पतसंस्थेच्या लातूर आणि नांदेड शाखांचे सर्व्हर तुम्ही अ‍ॅन्सिबल या सर्व्हर आपोआप लावणाऱ्या साधनाच्या एकाच प्लेबुकने (कामांच्या यादीने) लावता. दोन्ही शाखांच्या ग्रुप व्हार्समध्ये, म्हणजे सर्व्हरच्या गटासाठी ठरवलेल्या व्हॅल्यूंमध्ये, डेटाबेसचा नवा पोर्ट ५४३३ लिहिलाय. लातूरला तो उतरतो, नांदेडला ५४३२च राहतो, आणि एरर कुठेच येत नाही. शिवाय एसएसएल (एन्क्रिप्टेड जोडणी) कमांडवरून बंद करायला गेलात तरी ते चालूच राहतं.

टेम्प्लेटला, म्हणजे ज्या साच्यातून सर्व्हरची सेटिंगची फाइल बनते त्याला, आधी हात लावू नका. तीच फाइल लातूरला बरोबर तयार होते, म्हणजे दोष तिच्यात नाही. नांदेडसाठी व्हॅल्यू दुसरीकडून येतेय. परभणीतून मीही अशाच शाखांचे सर्व्हर सांभाळतो, आणि एरर न देता चुकीची व्हॅल्यू लिहिली जाते तेव्हा मी सगळ्यात आधी इन्व्हेंटरी, म्हणजे सर्व्हर आणि त्यांच्या ग्रुपची यादी, उघडतो.

तुमच्या इन्व्हेंटरीत नांदेडचा सर्व्हर 'नांदेड' आणि 'पुराने' अशा दोन ग्रुपमध्ये आहे, आणि पोर्ट दोन्हीकडे लिहिलाय. गोम इथंच आहे. ग्रुप एकाच पातळीवरचे असले तर अ‍ॅन्सिबल त्यांची नावं इंग्रजी वर्णक्रमाने लावतं आणि शेवटी येणाऱ्याचं ऐकतं. एननंतर पी येतो, म्हणून 'पुराने' जिंकतो. लातूरचा सर्व्हर त्या ग्रुपमध्ये नाहीच, म्हणून तो सुटला. 'पुराने'मधून पोर्टची ओळ काढून टाका. त्या ग्रुपमधल्या बाकीच्या मशीनना जुनाच पोर्ट लागत असेल, तर तो 'ऑल' या सगळ्या सर्व्हरच्या ग्रुपमध्ये ठेवा, कारण त्याच्यावर शाखेच्या ग्रुपची व्हॅल्यू चढते. ग्रुप प्रायॉरिटी (ग्रुपच्या अग्रक्रमाचा आकडा) वाढवूनही काम होतं, पण ती इन्व्हेंटरीतच द्यावी लागते, ग्रुप व्हार्समध्ये चालत नाही. मला तो मार्ग आवडत नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसाला तो आकडा तिथं का आहे हे कळत नाही.

खात्रीसाठी अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी ही कमांड 'ग्राफ' पर्यायासह चालवा, ग्रुपचं झाड दिसेल. 'होस्ट' पर्यायाला सर्व्हरचं नाव दिलं की त्याच्या वाट्याला आलेल्या व्हॅल्यू दिसतात. रोलमधले (प्लेबुक वापरते त्या तयार कामांच्या संचातले) व्हार्स मात्र त्यात येत नाहीत आणि ते ग्रुप व्हार्सवर मात करतात, त्यामुळे टेम्प्लेटच्या टास्कआधी एक डीबग टास्क टाकून पोर्ट छापून बघाच. रोलच्या डिफॉल्ट्सचा जोर सगळ्यात कमी असतो. बदलता यायला हवं ते तिथंच ठेवावं.

एसएसएलला कमांडवरून फॉल्स देऊनही ते चालूच राहतं, त्याचं कारण वेगळं. बरोबरचं चिन्ह (=) वापरून एक्स्ट्रा व्हार्स, म्हणजे कमांडवरचे व्हेरिएबल, दिले की व्हॅल्यू स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून पोचते, आणि जिंजाच्या, म्हणजे टेम्प्लेटच्या भाषेच्या, इफला रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच वाटते. टेम्प्लेटमध्ये बूल फिल्टर (मजकुराचं खरं-खोटं करणारा) लावा, किंवा व्हॅल्यू जेसनमध्ये द्या.

कोणी सुचवेल की सगळीकडे डिफॉल्ट फिल्टर (व्हेरिएबल नसेल तर ठरलेली व्हॅल्यू घालणारा) लावून टाका. पोर्टसारख्या गोष्टीला तो अजिबात लावू नका. नावात एक अक्षर चुकलं तरी स्क्रिप्ट हिरवी दिसेल आणि शाखेचं सॉफ्टवेअर चुकीच्या डेटाबेसला जोडलं जाईल. खातेदारांचे पैसे आहेत ते. व्हेरिएबल नसेल तर प्लेबुक तिथंच थांबलेली बरी.

दुरुस्तीनंतर चेक (प्रत्यक्ष बदल न करता चालवणारा) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणारा) हे दोन्ही पर्याय लावून, लिमिटने फक्त नांदेडचा सर्व्हर निवडून चालवा. डिफमध्ये पोर्टची एकच ओळ बदललेली दिसली, की मगच खरी चालवा, तीही शाखेचे व्यवहार बंद झाल्यावर.