एकट्याने शिकण्याचं अ‍ॅप बनवावं का?

प्रश्न: मी नोकरी सांभाळून मुलांना अपूर्णांक शिकवणारं एक अ‍ॅप बनवतोय, एकटाच. मोठ्या कंपन्यांपुढे कोण विचारणार?

उत्तर: अहो, जरूर बनवा! जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर आज जगभर गणिताच्या वर्गात वापरतात ना, ते मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास साल्झबर्ग विद्यापीठात शिकताना एकट्यानेच सुरू केलं होतं. आणि सॅम अ‍ॅरन यांचं सोनिक पाय बघाच एकदा, त्यात कोडमधून संगीत तयार करता येतं, म्हणजे 'प्ले ६०' लिहून रन दाबलं की लगेच सूर वाजतो, ६० चं ६४ केलं की सूर चढतो, मग पोरगं स्वतःच आकडे बदलत बसतं, त्याला वेगळं काही समजवावं लागत नाही. मला यातली खरी गंमत हीच वाटते.

तुमच्या अ‍ॅपमध्येही प्रश्न आणि मार्क मागे ठेवा, आधी पट्टी कापायला, जोडायला द्या, तीन चतुर्थांश मुलाच्या बोटाखाली तयार होऊ दे. पैशांचं नंतर बघू. आत्ता अर्धवट आहे तसंच दोन-चार मुलांच्या हातात द्या, शेजारी गप्प बसा आणि ती कुठे अडतात तेवढं लिहून घ्या.