खूण हिरवी, तरी लेख बंद

प्रश्न : ई-जर्नलच्या यादीत नावापुढे हिरवी खूण आहे, पण लेख उघडताना पैसे मागतात. असं का?

उत्तर : ती खूण बहुतेकदा अख्ख्या जर्नलची असते, अंकाची नव्हे. ग्रंथालयाची वर्गणी २००५पासून असेल, तर १९९८चा अंक बंदच राहील. कुठे ताजे १२ महिनेही रोखलेले असतात. म्हणून थेट लेखाशेजारची खूण पाहा. परवानगी सहसा आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) ठरते, त्यामुळे घरून वाचताना आधी ग्रंथालयाच्या प्रॉक्सी दुव्यातून, म्हणजे तुम्हाला ग्रंथालयाच्या जोडणीतून आत नेणाऱ्या दुव्यातून, लॉगिन करा. नारिंगी उघडं कुलूप म्हणजे मुक्त प्रवेश. तिथे वर्गणी लागत नाही. खरं तर नुसत्या रंगावर भागवणं चूकच, रंगांधळ्या वाचकाने काय करायचं? ‘पूर्ण लेख उपलब्ध’ असं शब्दांत लिहायलाच हवं. तरीही अडलं, तर डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) आणि स्क्रीनशॉट ग्रंथपालांना पाठवा.