परदेशी सुट्टीला जाताना घरचे खाद्यपदार्थ सोबत नेले, तर कस्टम्समध्ये जप्त होतात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कुटुंबासह पहिल्यांदाच परदेशी सुट्टीला निघताना घरी केलेले थोडे खाणे बॅगेत घ्यावे असे वाटते, पण 'उतरण्यापूर्वी भरून द्यायच्या अर्जात खाद्यपदार्थ आहेत असे लिहिले तर सगळेच काढून घेतात, त्यापेक्षा नाही लिहावे, कोणी विचारत नाही' असे एका नातेवाइकाने सांगितले आहे, ते खरे आहे का?

या सल्ल्याचा पहिला भाग बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि दुसरा भाग महागात पडू शकतो. मी आजवर सहा-सात वेळा बॅगेत खाणे घेऊन परदेशी उतरलो आहे आणि दर वेळी अर्जात 'हो' असेच लिहिले आहे. त्यांपैकी दोनदा एखादी वस्तू ठेवून घेतली गेली, बाकीच्या वेळी दहा-पंधरा मिनिटांत सर्व सामानासह बाहेर पडलो. दंड एकदाही झाला नाही, कारण गुन्हा वस्तू आणण्यापेक्षा ती लपवण्यात असतो. जाहीर केलेली वस्तू नियमात बसत नसेल, तर ती तेवढी जाते. जाहीर न केलेली वस्तू सापडली, तर ती जातेच, शिवाय खोटे निवेदन दिल्याचा ठपका आपल्यावर येतो, आणि मग ती वस्तू एरवी चालली असती की नाही याला फारसा अर्थ उरत नाही.

आपण ज्याला सरसकट 'कस्टम्स' म्हणतो, तिथे प्रत्यक्षात दोन वेगळी कामे चालतात. सीमाशुल्काचा संबंध कराशी आणि मालाच्या किमतीशी असतो; घरच्या डब्यावर कोणी कर मागत नाही. खाण्याच्या बाबतीत लागू होतो तो शेतीचा आणि पशुआरोग्याचा कायदा. आत येणाऱ्या अन्नाबरोबर कीड, बुरशी किंवा जनावरांचा रोग तर येत नाही ना, एवढेच त्यात पाहिले जाते. 2001 साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुत रोगाची साथ आली, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. बाहेरून बेकायदा आलेल्या मांसाचे उष्टे-खरकटे नीट न उकळता डुकरांना घातले गेले आणि त्यातून साथ पसरली, हेच तिचे सर्वांत संभाव्य कारण मानले जाते. हे ठाऊक असले की एका सँडविचसाठी अधिकारी इतका गंभीर का होतो, याचे नवल वाटत नाही.

आपण कोणत्या देशात जाणार ते लिहिलेले नाही, म्हणून आधी सगळीकडे उपयोगी पडेल अशी एक कसोटी सांगतो. त्या पदार्थातले काही अजून जिवंत आहे का, उगवू शकते का, किंवा त्यातून जनावरांचा रोग जाऊ शकतो का, असे स्वतःला विचारावे. ताजी फळे, भाज्या, पाने, पेरल्यास रुजेल असे बी, मांस, अंडी आणि बऱ्याच ठिकाणी दूध व दुधाचे पदार्थ या कसोटीत अडकतात. पूर्ण भाजलेले, तळलेले किंवा भट्टीत शेकलेले कोरडे पदार्थ, ज्यांत मांस नाही आणि दुधाचा अंश फारसा नाही, ते बहुतेक देशांत चालतात. कच्चे धान्य आणि डाळी मात्र निरुपद्रवी वाटल्या तरी तशा नसतात. खापरा भुंगेरा नावाची साठवणुकीतली कीड आहे. तिच्या अळ्या अन्नाशिवाय दीर्घकाळ निपचित पडून राहू शकतात आणि पोत्याच्या शिवणीतही लपतात. ज्या देशांत ही कीड आढळते, तिथून प्रवाशांनी तांदूळ आणण्यास अमेरिकेने 2011 पासून बंदी घातली आहे आणि ऑस्ट्रेलियानेही 2020 पासून अशा धान्यांबाबत नियम कडक केले आहेत. तेव्हा शिजवायचे कच्चे सामान नेण्याचा बेत असेल, तर तो सोडून द्यावा. ते तिथल्या दुकानात मिळते.

आता देशांविषयी. सर्वांत कडक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, यात वाद नाही. समुद्राने वेढलेले असल्यामुळे इतरत्र मुरलेल्या कित्येक किडी आणि रोग तिथे अजून पोहोचलेले नाहीत आणि ते तसेच राहावे यासाठी त्यांची सारी धडपड असते. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेले फळ सापडले तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो, आणि मध नेण्याचा तर विचारही करू नये. ऑस्ट्रेलियात 2022 साली बालीहून डार्विनला आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत, त्याने न सांगितलेले, अंडे आणि मांस घातलेले दोन मफिन आणि हॅमचे एक क्रोसाँ मिळाले. त्याला 2,664 ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. त्याआधी, 2019 साली, सिडनीला उतरलेल्या एका महिलेने डुकराच्या मांसासह सुमारे दहा किलो खाणे लपवले म्हणून तिचा पर्यटक व्हिसाच रद्द झाला आणि तीन वर्षे परत येण्यास मनाई झाली. हे दोन्ही प्रसंग आपल्या नातेवाइकांना अवश्य सांगावेत. ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्याचे 'बायकॉन' नावाचे संकेतस्थळ आहे. त्यात पदार्थाचे नाव टाकले की अटी दिसतात. तेवढे काम घरी बसून करावे.

युरोपीय संघाचा नियम समजायला सोपा आहे. संघाबाहेरच्या बहुतेक देशांमधून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. तान्ह्या मुलांचे अन्न, त्यांच्यासाठीची दुधाची पावडर आणि आजारपणामुळे लागणारे खास अन्न यांना सवलत आहे, पण थंड ठेवण्याची गरज नसलेल्या बंद पाकिटात आणि दोन किलोंपर्यंतच. ताज्या फळांसाठी डिसेंबर 2019 पासून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केवळ अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना त्यातून वगळले आहे. या यादीचे मला नेहमी गंमतीशीर कौतुक वाटते. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर, जानेवारी 2021 मध्ये, बोटीने नेदरलँड्सला पोहोचलेल्या ब्रिटिश वाहनचालकांची हॅमची सँडविचे डच अधिकाऱ्यांनी काढून घेतली होती, आणि आदल्या महिन्यापर्यंत तीच सँडविचे बिनदिक्कत जात होती. जुन्या अनुभवावर विसंबू नये ते यासाठीच.

अमेरिकेत प्रत्येक खाद्यपदार्थ सांगावा लागतो. सांगितलेल्या पदार्थांपैकी पुष्कळ सोडले जातात. न सांगितल्यास पहिल्याच वेळी हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. 2018 मध्ये पॅरिसहून आलेल्या एका महिलेच्या बॅगेत विमानातच मिळालेले सफरचंद निघाले आणि तिला 500 डॉलर दंड झाला. ही बातमी वाचून मला हसू आले नाही, कारण तशीच चूक माझ्याकडूनही होता होता राहिली होती. जेवणाबरोबर मिळालेले फळ मी पाठीवरच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवले आणि विसरलो. सामानाच्या पट्ट्याजवळ उभा असताना एक बीगल जातीचा कुत्रा आला आणि शांतपणे माझ्या पिशवीशेजारी बसला. भुंकला नाही, ओढले नाही; बसणे हीच त्याची खूण असते. अर्जात खाद्यपदार्थांपुढे मी 'हो' लिहिलेले असल्यामुळे अधिकाऱ्याने फळ काढून घेतले आणि मला जाऊ दिले. 'नाही' लिहिले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मी हॉटेलात पोहोचेपर्यंत करत होतो. तेव्हापासून उतरण्याची घोषणा झाली की मी सर्व कप्पे तपासतो आणि विमानातले काहीही बाहेर नेत नाही. विमानतळावर तपासणीच्या आधी टाकून देण्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात. शंका असलेली वस्तू तिथे टाकल्यास कोणी प्रश्न विचारत नाही.

काही बंदींचा शेतीशी संबंधच नसतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि ती मसाल्यात घातलेली असेल तरी प्रकरण दंडावर थांबेल याची खात्री नसते. सिंगापूरमध्ये 1992 पासून च्युइंगगमच्या आयातीवर बंदी आहे. तैवानचे कारण मात्र पुन्हा जनावरांच्या रोगाचेच. त्या देशाने 2018 च्या अखेरीस आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाच्या भीतीने, रोगग्रस्त भागातून डुकराचे मांस आणणाऱ्यास पहिल्याच वेळी दोन लाख तैवानी डॉलर दंड ठरवला.

सामान भरताना मी सगळे खाणे एकाच पिशवीत, बॅगेच्या अगदी वर ठेवतो, म्हणजे अधिकाऱ्याने विचारताच कपडे न उपसता ती पुढे करता येते. घरी केलेल्या पदार्थाची मुख्य अडचण ही की, आत काय आहे ते समोरच्याला कळत नाही आणि जे कळत नाही ते तो सोडत नाही. म्हणून पारदर्शक पिशवी घ्यावी आणि तिच्यावर पदार्थाचे नाव व घटक इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत स्पष्ट लिहावेत. घटक आणि मूळ देश छापलेले कारखान्याचे बंद पाकीट यापेक्षा नेहमीच लवकर सुटते. ज्या पदार्थाला असा पर्याय आहे, तो मी घरचा नेत नाही. प्रमाणही बेताचे असावे. चार दिवसांच्या सहलीला आठ किलो खाणे पाहिल्यावर ते विकण्यासाठी आहे का, असा प्रश्न येणारच. लोणचे, मुरंबा, मध यांसारखे पातळ किंवा दाट पदार्थ केबिन बॅगेत बहुतेक विमानतळांवर 100 मिलिलिटरच्या मर्यादेत येतात, पण तो सुरक्षा तपासणीचा नियम आहे, कस्टम्सचा नव्हे. चेक-इन बॅगेत ते जातात आणि तिथे उतरल्यावर वरचे नियम लागू होतातच.

विमान बदलून जाणार असाल, तर वाटेतला देशही पाहावा. अमेरिकेत साधारणपणे पहिल्याच विमानतळावर बॅगा ताब्यात घेऊन तपासणीतून न्याव्या लागतात, मग पुढचे विमान देशांतर्गत असो की दुसऱ्या देशाचे.

राहिला प्रश्न, काढून घेतलेली वस्तू परत मिळते का. ऑस्ट्रेलियात जाहीर केलेल्या काही वस्तूंवर स्वखर्चाने प्रक्रिया करून घेण्याची किंवा त्या परत पाठवण्याची सोय असते, पण खाण्याच्या एका डब्यासाठी तो खर्च कोणी करत नाही. मी दोन्ही वेळा वस्तू तिथेच सोडली. ज्याच्यावाचून अडेल अशी वस्तू, विशेषतः लहान मुलाचे किंवा रुग्णाचे अन्न, आपल्याला न्यायची असेल, तर निघण्यापूर्वी त्या देशाच्या कृषी खात्याला किंवा वकिलातीला ईमेल करून लेखी उत्तर मागवावे आणि त्याची छापील प्रत त्याच पिशवीत ठेवावी.