लँडस्केप डिझाइन (बागा, मोकळ्या जागांची आखणी) शिकताय? सुरुवातीला एवढंच वाचा

लँडस्केप डिझाइन शिकताना काय वाचावं, याची लांबलचक यादी मागितलीत, पण पहिल्या वर्षाला दोन पुस्तकं पुरेत.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) सलग वाचू नका. त्यात महिन्यागणिक निसर्गावरचे लेख आहेत. चालू महिन्याचा लेख वाचायचा आणि लगेच साइटवर चक्कर मारायची. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं पानं गाळून फुलतात. म्हणजे उघड्या फांद्यांमागे आभाळ दिसणार की शेजारच्या इमारतीचे पाइप, हे झाड लावतानाच ठरवावं लागतं. नर्सरीच्या कॅटलॉगवरून बारमाही हिरवं निवडणाऱ्याला हे सुचतच नाही.

दुसरी व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी ‘बनगरवाडी’. माणदेशातल्या दुष्काळानं गाव कसं ओस पडतं ते वाचलंत, की लॉनचा हट्ट आपोआप सुटतो.

नवशिक्यांच्या हमखास चुका:

- पुस्तकातलं दृश्य जसंच्या तसं उभारणं. तुळशीवृंदावन, कंदील, बैलगाडीचं चाक... चाक तर कृपा करून नकोच!
- फक्त सुंदर वर्णनांखाली रेघा मारणं. त्यापेक्षा माणसं कुठं टेकतात, पाणी कुठून आणतात, दुपारची सावली कोणाला मिळते, हे टिपा.

कालिदास आणि गाथासप्तशती (जुना प्राकृत काव्यसंग्रह) पुढच्या वर्षी. थिअरीचे जाडजूड ग्रंथही तूर्त राहू द्या.