जुनी ॲल्युमिनियमची बास बोट (बास मासे पकडण्याची छोटी बोट) कमी खर्चात दुरुस्त करायची असल्यास सुरुवात कुठून करावी?

रंगापासून मुळीच नको. इंजिन जिथे बसते त्या मागच्या फळीत, म्हणजे ट्रान्समच्या आत, बहुधा प्लायवुड असते. इंजिन धरून वर-खाली दाबल्यावर फळी हलली किंवा स्क्रू ड्रायव्हरचे टोक लाकडात सहज रुतले, तर ते कुजले आहे असे समजून खर्चाचा पहिला वाटा तिथेच राखून ठेवावा. नवे प्लायवुड मरीन प्रतीचे घेऊन त्याच्या कडा आणि बोल्टची छिद्रे इपॉक्सीने बंद करावीत. वाळवीरोधक प्रक्रिया केलेले स्वस्त लाकूड मोहात पाडते, परंतु त्यातील तांब्याचे क्षार ओलाव्यात ॲल्युमिनियमला खातात, म्हणून ते टाळावे.

गळती शोधण्यासाठी बोट ट्रेलरवर नीट टेकवून आत थोडेच पाणी भरावे आणि बाहेरून थेंब दिसेल त्या रिव्हेटवर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यावर, खूण करावी. सैल रिव्हेट एका बाजूने जड लोखंड धरून दुसऱ्या बाजूने हातोडीने ठोकल्यास बऱ्याचदा पुन्हा घट्ट बसतो. केवळ वरून सीलंट फासणे ही माझ्या मते तात्पुरती मलमपट्टी आहे. बोटीतल्या फळ्यांच्या जमिनीखालचा फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर काढावा, मात्र आत पाणी भरल्यावरही बोट तरंगती ठेवणारा तोच असल्याने बंद छिद्रांचा, म्हणजे पाणी सहज न शोषणारा, नवा फोम घालणे आवश्यक आहे.

रंग शेवटी द्यावा, तोही सेल्फ-एचिंग प्रायमरवर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग किंचित खरवडून पकड घेणाऱ्या पहिल्या थरावर. तळाला तांबेयुक्त रंग लावू नये.